बेसनाची साठवण आणि ते खराब झाल्याची ओळख

कोथिंबीरवडी

पावसाळा सुरू झाला की बेसनाचा विषय दरवर्षी निघतो आणि बहुतेक वेळा तो किडीपाशीच येऊन थांबतो. पीठ चाळले, अळी किंवा जाळी दिसली नाही, म्हणजे पीठ चांगले, असे आपण धरून चालतो. माझी शंका नेमकी याच्या पुढची आहे.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे बेसनाचे नवे पाकीट फोडले. मुदत संपायला दीड महिना शिल्लक होता, पीठ मोकळे होते आणि चाळणीत काहीही राहिले नाही. तरीही त्याचे पिठले केले तेव्हा घास गिळल्यावर घशाशी एक कडवट, तेलकट चव रेंगाळत राहिली. त्याच पिठाची कांदाभजी मात्र सगळ्यांनी आवडीने खाल्ली आणि कोणालाही काही जाणवले नाही. दुकानदाराने पाकीट बदलून देण्यास नकार दिला, कारण कीड नाही म्हणजे तक्रार नाही असे त्याचे म्हणणे पडले.

जाणकारांना माझी विनंती अशी आहे की, कीड नसताना बेसन का बिघडते, बिघडलेले बेसन पदार्थ करण्यापूर्वीच कसे ओळखावे आणि मुंबईसारख्या दमट हवेत ते किती दिवस ठेवावे, यावर त्यांनी सविस्तर लिहावे. केवळ ‘फ्रीजमध्ये ठेवा’ एवढे उत्तर अनेकदा वाचले आहे. त्यामागचे कारण कळले तर जास्त उपयोग होईल.

तिखटमीठ

तुम्ही वर्णन केलेली चव खवटपणाची आहे. शेंगदाणे किंवा सुके खोबरे खवट होते, तसेच बेसनही होते. पिठल्यात बेसन हाच मुख्य घटक असतो आणि ते पाण्यात शिजते, त्यामुळे दोष लपत नाही. भज्यांमध्ये कांदा, ओवा, तिखट आणि गरम तेल यांच्याखाली तो झाकला जातो. म्हणूनच बेसनाच्या चांगुलपणाचा निर्णय भज्यांवरून करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शी

कोथिंबीरवडी, तुम्ही प्रश्न योग्य ठिकाणी नेलात. धान्य आणि पिठे यांच्या साठवणुकीशी माझा व्यवसायाने संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बेसनाकडे आपण कणकेसारखे एक पीठ म्हणून पाहतो, पण साठवणुकीच्या दृष्टीने या दोहोंत मोठा फरक आहे. शंभर ग्रॅम कणकेत साधारण दोन ग्रॅमच्या आत-बाहेर स्निग्धांश असतो, तर तेवढ्याच बेसनात तो पाच ते सहा ग्रॅमच्या घरात जातो. या स्निग्धांशाचा निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्लाचा असतो आणि हे आम्ल हवेतल्या ऑक्सिजनशी सहज संयोग पावते. हरभऱ्याच्या डाळीत हे तेल पेशींमध्ये बंद असते. त्याच डाळीत तेलाचे विघटन करणारी लायपेज आणि लायपॉक्सिजनेज ही विकरेही (एन्झाइम) असतात, पण डाळ अखंड आहे तोवर तेल, विकरे आणि हवा यांची गाठ फारशी पडत नाही. दळण झाले की पेशी फुटतात, तिन्ही गोष्टी एकत्र येतात आणि पीठ गिरणीतून बाहेर पडल्या क्षणापासून खवटपणाची प्रक्रिया संथपणे सुरू होते. तिच्यासाठी किडीची किंवा बुरशीची गरज नसते आणि सुरुवातीला ती डोळ्यांना दिसतही नाही. उष्णता, उजेड आणि हवा मिळाली की तिचा वेग वाढतो.

पाकिटावरील मुदत ही बंद पाकीट कोरड्या, थंड जागी राहिले आहे असे गृहीत धरून दिलेली असते. एखाद्या दुकानात पत्र्याच्या छपराखाली किंवा काचेच्या दर्शनी कपाटात उन्हाच्या झोतात ते पाकीट एप्रिल-मे असे दोन महिने राहिले असेल, तर तारीख शिल्लक असूनही आतले पीठ खवट निघू शकते. तुमच्या बाबतीत असेच झाले असण्याचा संभव आहे.

ओळखण्यासाठी दोन साध्या चाचण्या सांगतो. एका वाटीत चमचाभर बेसन घ्यावे, त्यावर कढत पाणी ओतून ढवळावे, वर ताटली झाकावी आणि दोन मिनिटांनी ताटली उचलताच वास घ्यावा. कोरड्या पिठात दबून राहिलेला वास वाफेबरोबर वर येतो. ताज्या बेसनाला ओल्या हरभऱ्याची आठवण करून देणारा कच्चट वास येतो. खवट बेसनाला तळणीच्या जुन्या तेलाचा किंवा तेलरंगाचा वास येतो. दुसरी चाचणी अशी, की दोन चमचे बेसन कोरड्या कढईत मंद आचेवर परतावे. कच्च्या बेसनाला मुळातच थोडी तुरट-कडवट चव असते आणि अनेक जण तिलाच बिघाड समजतात, पण ही चव भाजल्यावर जाते आणि चार-पाच मिनिटांत खमंग दरवळ सुटतो. खवटपणाचा वास मात्र भाजताना अधिकच उग्र होतो आणि पीठ गार झाल्यावरही जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा टिकून राहतो. या दोन चाचण्यांत शंका आली तर ते पीठ लाडवांना मुळीच वापरू नये. पाव किलो तूप आणि तासाभराची मेहनत त्यात वाया जाते.

घरघंटी

सूक्ष्मदर्शी यांनी कारण फार नेमके सांगितले आहे. माझा अनुभव गिरणीच्या बाजूचा आहे. आमच्या घरची पिठाची गिरणी तीन पिढ्यांची आहे आणि बेसन बिघडण्याची सुरुवात पुष्कळदा दळणाच्या दिवशीच होते, असे मी खात्रीने सांगू शकते.

पहिली गोष्ट डाळीची. डाळ दळायला आणण्यापूर्वी कडक उन्हात वाळलेली असली पाहिजे. दाताखाली धरली असता तिचा टणकन तुकडा पडला पाहिजे. ती दबली किंवा चिवट लागली तर तिच्यात ओल आहे असे समजावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर जाड बुडाच्या कढईत डाळ नुसती गरम करून घ्यावी. रंग बदलण्याची गरज नाही, हाताला चांगली चटका देणारी झाली की पुरे. मग ती पूर्ण गार होऊ द्यावी आणि त्याच दिवशी दळून आणावी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. गिरणीतून पडणारे बेसन चांगले गरम असते. लोक घरून झाकणाचा डबा आणतात, त्यात दळण घेतात, झाकण घट्ट लावतात आणि घरी जाऊन डबा तसाच फडताळात ठेवतात. गरम पिठातली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमते आणि तिचे थेंब पिठावर पडतात. आठ-दहा दिवसांनी वरच्या थरात ज्या घट्ट गुठळ्या सापडतात, त्या बहुधा यातूनच आलेल्या असतात. दळण घरी आणल्याबरोबर परातीत किंवा स्वच्छ सुती कापडावर पसरावे, हाताने दोन-तीनदा वरखाली करावे आणि हाताला अगदी गार लागल्यावरच डब्यात भरावे. पावसाची झड चालू असेल तर मात्र फार वेळ उघडे ठेवू नये, कारण बेसन हवेतली ओल लगेच ओढून घेते.

आणि शेवटचे, दळण थोडे न्यावे. एका वेळी किलो-दोन किलो पुरे. सणासाठी पाच किलो दळून ठेवायची पद्धत मोठ्या कुटुंबांत योग्य होती, कारण ते पीठ पंधरा दिवसांत संपत असे. चार माणसांच्या घरात वर्षाची बेगमी करायची असेल तर ती डाळीची करावी, पिठाची करू नये.

वाटीचमचा

घरघंटीताई, गुठळ्यांविषयी एक विचारायचे आहे. बंद पाकिटातल्या पिठातही गुठळ्या असतात. त्या सगळ्याच ओलीच्या समजायच्या का?

घरघंटी

नाही. पाकिटे एकावर एक रचल्यामुळे पीठ दाबले जाते आणि त्याच्या ढेपा होतात. अशी ढेप दोन बोटांत धरून हलकेच दाबली की तिचा पुन्हा भुगा होतो. ओलीने झालेली गुठळी दाबल्यावर आधी तुकड्यांत फुटते, आतून गडद दिसते आणि तिला बंद खोलीसारखा कुबट वास येतो. तसे असेल तर तेवढी गुठळी काढून बाकीचे पीठ वापरण्याचा मोह टाळावा.

सूक्ष्मदर्शी

याला माझा पूर्ण दुजोरा आहे. जोडीला किडीविषयी लिहितो, कारण कीड नसली तरी पीठ खवट असू शकते हे जितके खरे आहे, तितकेच कीड असूनही ती न दिसणे शक्य आहे.

बेसनात सर्वांत जास्त आढळतो तो तांबूस-तपकिरी रंगाचा, तीन-चार मिलिमीटर लांबीचा पिठातला भुंगेरा. याची मादी पिठातच सुटी अंडी घालते. अंड्यांवरचा चिकट थर पिठाच्या कणांनी माखतो, त्यामुळे नेहमीच्या चाळणीतून आणि नजरेतूनही ती निसटतात. तीस अंशांच्या आसपासच्या उबदार हवेत साधारण महिनाभरात अंड्यापासून पूर्ण कीटक तयार होतो. म्हणून आज चाळलेले स्वच्छ पीठ महिन्याने किडलेले निघते आणि डबा घट्ट असताना कीड आत गेली कशी, असा प्रश्न पडतो. ती बाहेरून येत नाही, आधीपासून आतच असते. या कीटकाच्या शरीरातून क्विनोन जातीची द्रव्ये स्रवतात. प्रादुर्भाव वाढला की पिठाला उग्र, औषधासारखा वास येतो आणि रंगात किंचित गुलाबी झाक येते. त्या अवस्थेतले पीठ चाळून किडे काढले तरी खाण्यायोग्य होत नाही, कारण ही द्रव्ये आणि कीटकांची विष्ठा चाळणीतून पिठाबरोबरच खाली उतरतात. एखाद-दुसरा किडा दिसला, वास आणि रंग ठीक असेल, तर चाळून आणि भाजून पीठ लगेच संपवण्यास हरकत नाही. पिठाचे कण रेशमासारख्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेले दिसले, म्हणजे आपण जिला जाळी म्हणतो ती दिसली, तर ते पतंगाच्या अळीचे काम असते.

संशय असेल तेव्हा रात्री डब्यातले पीठ उलथन्याच्या पाठीने अगदी सपाट, गुळगुळीत करून ठेवावे. सकाळी डबा न हलवता उघडून तिरप्या उजेडात पाहावे. पृष्ठभागावर नागमोडी रेघा, बारीक छिद्रे किंवा खळगे दिसले तर पिठात हालचाल आहे हे निश्चित.

तिखटमीठ

मग बेसन आणल्याबरोबर सगळेच भाजून ठेवले तर दोन्ही प्रश्न सुटतील ना? माझी आई असेच करीत असे.

सूक्ष्मदर्शी

बऱ्याच अंशी सुटतील. भाजल्याने अंडी मरतात, ओल कमी होते आणि विकरे निष्क्रिय होतात, त्यामुळे खवटपणाचा एक मार्ग बंद होतो. हवेतल्या ऑक्सिजनचा दुसरा मार्ग मात्र चालूच राहतो, म्हणून भाजलेले पीठही महिना-दीड महिन्यात संपवावे.

घरघंटी

सरसकट भाजून ठेवण्याला माझा विरोध आहे. भाजलेल्या बेसनाचा चिकटपणा कमी होतो. त्याची भजी तेलात विस्कटतात आणि सुरळीच्या वडीचा पातळ थर ताटाला नीट धरत नाही. लाडू, मोहनथाळ आणि कोरडा झुणका यांसाठी निराळा छोटा डबा भाजून ठेवावा आणि बाकीचे पीठ कच्चेच ठेवावे. तिखटमीठ यांच्या आईंचे एकत्र कुटुंब असेल आणि घरात लाडू सतत होत असतील तर त्यांची पद्धत त्यांच्या घरासाठी योग्यच होती.

दूरदेशी

मी अमेरिकेत राहतो. इथे भारतीय दुकानातले बेसन जहाजाने येते, गोदामात राहते आणि मग आपल्या हातात पडते, त्यामुळे दळणाच्या तारखेपासून पुष्कळ काळ लोटलेला असतो. म्हणून मी पाकिटावर मुदतीची नव्हे, तर उत्पादनाची तारीख आधी पाहतो. दोन पाकिटांची मुदत सारखी असली तरी त्यांच्या उत्पादनाच्या तारखांत अंतर असू शकते. घरी आणल्यावर पाकीट न फोडता, जाड पिशवीत घालून, उणे अठरा अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवतो. तीन-चार दिवस पुरेसे असतात असे म्हणतात, पण दोन किलोच्या पाकिटाचा मधला भाग गार होण्यास वेळ लागतो. यानंतर मला बेसनात कीड आढळलेली नाही.

माझी अडचण वेगळी आहे. फ्रीझरमधून काढलेल्या पिठाला काही वेळा ओलसरपणा येतो. कोरड्या हिवाळ्यात तो येत नाही, उन्हाळ्यात येतो.

सूक्ष्मदर्शी

थंड पिठावर दमट हवा आली की त्या हवेतले बाष्प पिठावर जमते, हे त्याचे कारण आहे. डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. अर्ध्या किलोच्या डब्याला दीड-दोन तास लागतात. मुंबई आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, त्यामुळे आपल्याकडे तर हे कटाक्षाने पाळावे लागते. सर्वांत सोपे म्हणजे एकच मोठा डबा न ठेवता आठवड्यापुरत्या छोट्या पिशव्या किंवा बरण्या भराव्यात आणि एका वेळी एकच बाहेर काढावी. काढलेली पुन्हा आत ठेवू नये. ज्या गावांत वीज तासन्‌तास जाते तिथे फ्रीझरवर भिस्त ठेवू नये. वारंवार गार-गरम होणारे पीठ बाहेरच्या पिठापेक्षा लवकर ओल धरते.

कोथिंबीरवडी यांनी दिवस विचारले होते. घट्ट झाकणाच्या, काठोकाठ भरलेल्या डब्यात, शेगडीपासून आणि उन्हापासून दूर, घरी दळलेले बेसन कोरड्या थंडीत दोन महिने आणि मुंबईच्या पावसाळ्यात तीन-चार आठवडे मी चांगले धरीन. फ्रीजमध्ये चार-पाच महिने आणि फ्रीझरमध्ये वर्षभरापर्यंत ते टिकते. डबा अर्धा रिकामा झाला की उरलेले पीठ लहान डब्यात काढावे, म्हणजे आतली हवा कमी होते.

रानवारा

मी विदर्भातला शेतकरी आहे आणि घरचा हरभरा ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की खाण्यापुरता हरभरा लगेच भरडून त्याची डाळ करून घेतो. अख्ख्या हरभऱ्यावर भुंगा पांढुरके ठिपके दिसावेत तशी अंडी घालतो आणि अळी दाण्याच्या आत शिरते. डाळीला त्याचा उपद्रव बराच कमी होतो. डाळ वाळवून, कोठीत वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देऊन ठेवली की पुढच्या हंगामापर्यंत टिकते.

मात्र हा पाला पिठात घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला पटत नाही. पाला चुरतो, पिठात मिसळतो आणि पीठ कडू होते, मग कडवटपणा पाल्याचा की खवटपणाचा हेही कळत नाही. बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या तर पिठाच्या जवळपासही आणू नयेत. डाळ धुता येते, पीठ धुता येत नाही.

किडलेले पीठ टाकून देण्याऐवजी आम्ही ते जीवामृतात, म्हणजे पिकांना देण्याच्या आंबवलेल्या द्रावणात वापरतो. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीत दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो कडधान्याचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती घालतात आणि दिवसातून दोनदा ढवळून दोन दिवस सावलीत ठेवतात. शहरातल्या मंडळींना कुंड्यांसाठी याच प्रमाणात बादलीभर करता येईल.

वाटीचमचा

पिवळाजर्द रंग हे ताजेपणाचे लक्षण मानावे का? आमच्या भागात एका दुकानातले बेसन फार पिवळे असते आणि लोक ते मुद्दाम मागून घेतात.

सूक्ष्मदर्शी

मानू नये. रंग डाळीच्या वाणावर आणि दळणाच्या बारीकपणावर अवलंबून असतो. जुन्या, उजेडात राहिलेल्या पिठाचा रंग फिकटतो हे खरे आहे, पण गडद पिवळेपणा हा ताजेपणाचा पुरावा होत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार बेसन हे साल काढलेल्या हरभऱ्याचेच असले पाहिजे आणि त्यात कोणताही रंग मिसळण्यास परवानगी नाही. पाण्यात कालवल्यावर वरचे पाणी लगेच झगझगीत पिवळे होत असेल तर ते पीठ घेऊ नये.

कोथिंबीरवडी यांच्या दुकानदाराचे म्हणणेही बरोबर नाही. खवट माल हाही सदोष माल आहे. पाकीट, त्यावरचा बॅच क्रमांक आणि पावती जपून ठेवून आधी उत्पादकाकडे लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

कोथिंबीरवडी

सर्वांचे मनापासून आभार. पाकीट आणि पावती दोन्ही माझ्याकडे आहेत, उद्याच उत्पादकाला लिहिते. एक शेवटची शंका राहिली आहे. शेजारच्या काकूंच्या डब्यात वरच्या थरावर हिरवट-राखाडी बुरशीचे दोन ठिपके दिसले. तेवढा थर काढून खालच्या पिठाची शेव तळली तर उष्णतेने सगळे मरून जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे?

सूक्ष्मदर्शी

काकूंना आजच सांगा आणि शेव करू देऊ नका. बुरशी मरेल, पण काही बुरश्या जी विषे तयार करतात ती मरणारी गोष्ट नव्हे. अफ्लाटॉक्सिन हे त्यांतले सर्वांत धोक्याचे विष असून ते यकृताला बाधते, आणि तळणीच्या १७०–१९० अंशांच्या तेलात ते पूर्णपणे नष्ट होत नाही. दिसणारे ठिपके हा बुरशीचा वर आलेला भाग असतो आणि तिचे तंतू पिठात खोलवर गेलेले असतात. डब्यातले सगळे पीठ टाकावे. ते गुरांनाही घालू नये, कारण विष दुधात उतरते. टाकताना नाकाशी नेऊन वास घेऊ नये आणि पीठ हवेत उडू नये म्हणून आधी पाणी शिंपडावे. डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवावा, झाकणाच्या खोबणीत व रबरी कड्याखाली अडकलेले जुने पीठ दातकोरणीने काढावे आणि डबा पूर्ण कोरडा झाल्याखेरीज त्यात काहीही भरू नये.